झालं नाही, तरी सांगायला जायचं

आमच्या घराण्यातल्या एकाही लग्नात बॅगमामा आमच्या पंगतीला बसले नाहीत. आम्ही सगळे नातेवाईक एका ओळीत, एकमेकांच्या पानात डोकावत बसलेले असायचो आणि मामा पार पलीकडे, नवऱ्या मुलाच्या ऑफिसातल्या लोकांत नाहीतर थेट बँडवाल्यांच्या शेजारी. आईला दर वेळी वाटायचं, भाऊ रुसला. ती पानावरून उठून हाका मारायची, "दादा, अरे इकडे ये की आपल्या माणसांत!" मामा तिथूनच हात हलवायचे आणि शेजारच्याशी बोलत राहायचे. नंतर म्हणायचे, "अगं, तुमच्याशी बोलायला घर आहे. ह्यांना मी परत कुठे गाठू?"

पुढे पंगती गेल्या आणि बुफे आले, तेव्हा मामांनीही पद्धत बदलली. सगळ्यात लांब रांग असेल तिथे उभं राहायचं. वरणभाताच्या टेबलाशी चिटपाखरू नसायचं, पण मामा डोश्याच्या रांगेत. डोसा त्यांना मुळीच आवडत नसे. मी एकदा म्हटलं, "मामा, भात घ्या ना, लगेच मिळतोय." ते म्हणाले, "तेच तर. लगेच मिळतो. भातात ओळख कशी व्हायची?"

बॅगमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. एका औषध कंपनीचे एमआर. डॉक्टरांना आपल्या कंपनीच्या गोळ्यांची माहिती देत फिरायचं, हे काम. काळी, जाड, कोपरे झिजलेली बॅग घेऊन एसटीने लासलगाव, मनमाड, नांदगाव करत त्यांचं आयुष्य गेलं. एमआरची पाऊण नोकरी डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसण्यात जाते. बाकीचे एमआर घड्याळ बघायचे, वैतागायचे. मामा बसायचे ते एखाद्या सोहळ्याला बसल्यासारखे. शेजारच्या म्हातारीचा गुडघा, कंपाउंडरच्या मुलीची दहावी, सगळ्याची चौकशी. "डॉक्टरला वेळ नसतो," ते म्हणायचे, "माणसाला असतो. आत जाऊन माणूस शोधायचा."

नांदगावला एक डॉक्टर औषधवाल्यांना दारात उभं करत नसत. तशी पाटीच लावलेली. मामा गेले आणि बाकावर बसले. अंगणात एक लिंबाचं झाड होतं, भरपूर वाढलेलं, पण त्याला फळ म्हणून नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मामांनी झाडाचीच चौकशी केली आणि निघून आले. पुढच्या फेरीच्या आधी सायखेड्याच्या एका बागाईतदाराला गाठून, लिंबाला पाणी कधी तोडायचं आणि कधी द्यायचं हे विचारून घेतलं, ते डॉक्टरांना सांगितलं आणि पुन्हा निघून आले. बॅग उघडलीच नाही. तिसऱ्या फेरीला डॉक्टरांनीच हाक मारली. "अहो, त्या बॅगेत असतं तरी काय?"

"औषधं असतात," मामा म्हणाले, "पण लिंबाला चालणारी नाहीत."

पाटी पुढेही तशीच राहिली. मामा सोडून सगळ्यांसाठी.

मी ह्या माणसाचा सख्खा भाचा, पण त्यांचा गुण माझ्या अंगाला चुकूनही लागला नाही. मी एका सरकारी खात्यात खाली मान घालून नोकरी केली. लिफ्टमध्ये कोणी ओळखीचं भेटलं, तर बोलावं लागू नये म्हणून मी लिफ्टमध्ये किती माणसं मावतात ती सूचना वाचतो. इतक्या वर्षांत ती मला पाठ झाली आहे. हा बुजरेपणा आमच्याकडे वडिलोपार्जित जमिनीसारखा चालत आला आहे आणि माझी मुलगी केतकी त्याची एकुलती एक वारस. फोन वाजला तरी ती दचकायची. आधी त्याच्याकडे बघत राहायची आणि वाजायचा थांबला की मेसेज करायची, "काय काम होतं?"

केतकी फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होती. नोकरीच्या ओळखी जमवायच्या एका ॲपवर तिने शेकडो माणसं जोडली होती. त्यांतलं एकही तिला ओळखत नव्हतं. तिला मदत म्हणून मीही त्या ॲपवर गेलो. मला दोन विमा एजंटांनी आणि माझ्याच मेहुण्याने जोडून घेतलं. कॉलेजात एक-दोन कंपन्या येऊन गेल्या, त्यांत तिचं झालं नाही. इकडे माझ्या बहिणीचे यजमान विलासराव यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरीला जूनपासून माझ्याकडे पाठव. खुर्ची तयार आहे." त्यांचं इथेच नाशिकला, द्वारका चौकात ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मी लगेच हो म्हणून टाकलं. हो म्हणणं मला नेहमीच सोपं जातं.

केतकीने आकांडतांडव केलं नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, चार वर्षं मी फळ टिकतं कसं, ते शिकले. काकांकडे मी ट्रक निघाला का, एवढं विचारणार." मग तिनेच मुदत घालून घेतली. जूनपर्यंत स्वतःचं काही जमलं नाही, तर निमूट विलासकाकांच्या खुर्चीत बसायचं. हे बोलणं झालं तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

त्या रविवारी मामा चहाला आले होते. बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं, "कोणाकोणाला भेटलीस?"

"ऑनलाइन खूप जणांना, मामाआजोबा."

"म्हणजे कोणालाच नाही."

"आपल्या ओळखीच नाहीत ना कुठे!"

"ओळखी कोणाच्याच नसतात, त्या करायच्या असतात. आयता असतो तो वशिला, आणि तो तुझ्या बापाकडेही नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं असलं की ते बघत नसत.

चार दिवसांत मामांनी एका पॅकहाऊसचा पत्ता काढला. पिंपळगावच्या बाजूला, जिथे बागेतून आलेली द्राक्षं निवडून, तपासून परदेशी पाठवतात. तिथले हिशेबनीस त्यांना कुठल्याशा लग्नात डोश्याच्या रांगेत भेटले होते. तपासणीचं सगळं काम जाधव मॅडमकडे असतं आणि दुपारच्या जेवणानंतर त्या जरा निवांत असतात, एवढं कळलं होतं. मामा म्हणाले, "केतकीला एकटी पाठव." मी म्हटलं, "पहिल्यांदाच जातेय, बाप नको बरोबर?" आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून, नाशिकचा माणूस जे कोणाकडेही नेतो, तेच मी घेतलं. द्राक्षांची पेटी.

पॅकहाऊसच्या फाटकाबाहेर द्राक्षांच्या क्रेटनी भरलेल्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत मी माझी दोन किलोंची पेटी छातीशी धरून निघालो. वॉचमनने अडवलं.

"सायब, काय हाय त्याच्यात?"

"द्राक्षं."

त्याने एकदा गाड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "इथं?"

"मॅडमना द्यायची आहेत."

"आत लय हायेत, सायब. ऱ्हाऊ द्या गाडीत. नायतर बाहेर नेताना गेटपास लागंल."

मी पेटी नेलीच. जाधव मॅडम पन्नाशीच्या, डोक्याला केस झाकायची जाळी, गळ्यात चष्मा. त्यांनी पेटी उघडली, सवयीने एक मणी उचलला, गोडी मोजायच्या यंत्रावर त्याचा थेंब टाकला आणि म्हणाल्या, "दहा दिवस लवकर तोडलीत." आता ती काही मी तोडली नव्हती, पण मी माफी मागितली. मग घाईघाईने म्हणालो, "मुलगी हुशार आहे हो. हिच्यासाठी काहीतरी बघा."

"सध्या जागा नाही. बायोडेटा ठेवून जा," मॅडम म्हणाल्या. संपलं. चपला काढायला जेवढा वेळ लागला होता, तेवढाही आत लागला नाही.

आमच्याबरोबर आलेले मामा रस्त्यापलीकडे टपरीवर बसले होते. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"बाबा," केतकी म्हणाली.

"हं. सुध्या, पुढच्या वेळी तू घरी बस. तुझी द्राक्षं आम्ही खाऊ." मग केतकीकडे वळून म्हणाले, "नोकरी मागितली की समोरच्याला दोनच उत्तरं सुचतात, आहे नाहीतर नाही. आणि त्यातलं नाही हे सोपं. पहिल्या भेटीत मागायचंच नाही, विचारायचं. उत्तर द्यायला तिला आवडेल असं काहीतरी विचार. तू आत पाहिलंस काय?"

केतकीने फाटकाकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "बाबा बोलत होते ना, तेव्हा बायका घड निवडत होत्या. मणी एकदम छान, पण देठ सुकलेला दिसला की घड बाजूला टाकत होत्या. आम्हाला कॉलेजात मण्याचंच शिकवलंय सगळं. देठाचं कोणी बोललंच नाही."

"मग हेच विचार," मामा म्हणाले आणि तिसरा चहा सांगितला.

पुढचा आठवडा आमच्या घरी तालीम चालली. मामा दिग्दर्शक, केतकी केतकी आणि मी जाधव मॅडम. केतकी आत येऊन नमस्कार करायची, अडखळायची, पुन्हा बाहेर जायची. मला वाटत होतं माझं काम झकास होतंय, पण मामा म्हणाले, "मॅडम फार बोलतायत. मॅडमनी ऐकून घ्यावं." शेवटी माझी भूमिका काढून घेऊन बायकोला देण्यात आली.

दुसऱ्या खेपेला केतकी एकटी गेली. प्रश्न विचारल्यावर मॅडमनी चष्मा चढवून तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "चल, दाखवते." शीतगृहापासून पॅकिंगच्या टेबलापर्यंत त्यांनी तिला फिरवलं. केतकी घरी आली ती डोक्यावरची जाळी तशीच ठेवून. बसमधून सगळा रस्ता ती तशीच आली होती. मॅडमनी जाताना सांगितलं होतं, "माझ्याकडे जागा नाही, हे खरंय. पण सिन्नरला फळांच्या रसाचा कारखाना आहे, ते मुली घेतायत. मी फोन करते. माझं नाव सांग."

सिन्नरला मुलाखत झाली आणि त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी घेतलं.

आमच्या घरी चांगली बातमी चौकात सांगतात आणि वाईट बातमी आली की खिडक्यांचे पडदे ओढतात. केतकीने फोन बंद करून ठेवला. बायकोने शेजारी सांगून टाकलं की केतकी मैत्रिणीकडे गेली आहे, त्यामुळे पोरीला गॅलरीतही येता येईना. मी विलासरावांना गुळमुळीत फोन करून ठेवला, "जूनचं बहुतेक नक्की समजा." आणि संध्याकाळी मामा आले.

"जाधव मॅडमना सांगितलंस?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"काय सांगू? झालं नाही म्हणून?"

"हो. तेच."

"मामाआजोबा, मी त्यांचं नाव सांगून गेले होते. त्यांचं नाव घालवलं मी. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"ह्याच. दुसरं आहे का?"

मी मध्ये पडलो. "मामा, मेसेज करेल ना ती. कशाला उगाच शोभा?"

"तू गप, सुध्या." मामा तिच्या समोर खुर्ची ओढून बसले. "झालं की पेढे घेऊन सगळेच जातात. झालं नाही, हे सांगायला कोणी जात नाही. त्या बाईने तुझ्यासाठी शब्द टाकला. त्याचं काय झालं, हे तिला तुझ्या तोंडून कळायला नको? झालं तर पेढे न्यायचे, नाही झालं तर नुसतं जायचं. पण जायचं."

केतकी ताडकन उठली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तुम्हाला काय होतंय बोलायला! तुम्ही गोळ्या विकल्यात. डॉक्टर नाही म्हणाले तर ते गोळीला नाही म्हणाले. मला नाही म्हणालेत, मला!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "नाही गं. गोळी बॅगेत असायची. दारात मीच असायचो."

मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं, बूट घातले आणि गेले. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना कोणी विचारलं नव्हतं, की दिवसभर डॉक्टरांनी तोंडावर दारं लावून घेतल्यावर संध्याकाळी एसटीत बसून माणूस काय करतो. आम्हाला ते फक्त लग्नातले, गमतीचे मामा म्हणून माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी आवरून तयार होती. "सोडू का?" मी विचारलं. "नको," ती म्हणाली, आणि बसने गेली.

तिने मॅडमना उभ्याउभ्याच सांगितलं, "सिन्नरला माझं झालं नाही. तुम्ही फोन केला होतात, म्हणून सांगायला आले." आणि ती वळली. मॅडम म्हणाल्या, "झालं नाही, ते मला कळलंय. तू येशील, असं मात्र वाटलं नव्हतं. मी इतकी मुलं इकडे-तिकडे पाठवली, पुढे त्यांचं काय झालं ते मला दुसऱ्यांकडूनच कळतं. बस. कुठे अडलीस ते सांग."

अडली होती ती एका प्रश्नावर. माल तपासणीत नापास झाला आणि गाडी फाटकात उभी आहे, तर काय कराल? केतकीने उत्तर दिलं होतं, "पुन्हा तपासू." मॅडम हसल्या. "तपासायचं तर आहेच. पण आधी फोन उचलायचा. शेतकऱ्याला, ड्रायव्हरला, समोरच्या पार्टीला. खरं काय ते सांगायचं. आमच्या कामात यंत्र थोडं आणि बोलणं फार. तुला बोलता येतं का?"

"येत नाही," केतकी म्हणाली. "पण आज बोलले."

"मग हंगाम संपेपर्यंत सुट्टीच्या दिवशी येत जा. जागा नाहीच आहे, आधीच सांगते. शिकायला ये."

केतकी जात राहिली. परीक्षा सांभाळून, उन्हातान्हात. फाटकाबाहेरच्या ड्रायव्हरांशी बोलायचं काम मॅडमनी मुद्दाम तिच्यावर टाकलं. सुरुवातीला ती घरी येऊन रडायची. मग घरी येऊन भांडायला लागली. त्यानंतर ती फोन वाजला की उचलायला लागली, आणि ते पाहून मलाच दचकायला झालं.

मामी गेल्यापासून मामा एकटेच राहत होते. गुडघे बोलायला लागले तसा त्यांच्या मुलाने हट्ट धरला आणि मे महिन्यात ते हैदराबादला जायला निघाले. ज्याला नाशिकच्या कुठल्याही गल्लीत चहा मिळायचा, तो माणूस सत्तरी उलटल्यावर अशा गावी निघाला होता जिथे त्याला मुलगा आणि सून सोडून कोणी ओळखत नव्हतं. मनमाडच्या फलाटावर आम्ही सगळे पोहोचवायला गेलो. मी घरून येताना दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. मामा खिडकीशी बसले, समोरच्या प्रवाशाकडे वळले आणि गाडी हलायच्या आत त्या दोघांचं काहीतरी सुरू झालं. आम्ही हात हलवत होतो. त्यांनीही हलवला, पण बोलणं तोडलं नाही. केतकी डब्याबरोबर थोडी धावली. माझी वाक्यं माझ्याजवळच राहिली.

जून उजाडला. विलासरावांनी टेबलाशेजारी खरोखरच नवी खुर्ची आणवली. माझ्या बहिणीने तिचा फोटो पाठवला, चाकांची, मऊ पाठीची. केतकीने फोटो बघितला आणि कपड्यांना इस्त्री केली. सोमवारी तिने तिथे जायचं ठरलं.

शनिवारी जाधव मॅडमचा फोन आला. त्यांच्याकडची एक मुलगी लग्न होऊन पुण्याला चालली होती. त्या म्हणाल्या, "ट्रेनी म्हणून घेतेय. पगार बेताचा आहे, आणि हंगामात रविवार विसरायचा. येतेस?" केतकीने विचार करायलाही वेळ घेतला नाही.

आता प्रश्न विलासरावांचा होता. म्हणजे माझा. मी केतकीला म्हणालो, "मी आत्याला मेसेज करतो, ती सांगेल त्यांना हळूच." केतकी म्हणाली, "त्यांनी खुर्ची आणलीय, बाबा. मी जाऊन सांगते." मीही बरोबर गेलो, पण ह्या वेळी हातात काही नेलं नाही. विलासराव तसे गरम डोक्याचे. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "काका, मी येणार नाहीये. मला पॅकहाऊसला काम मिळालं. तुम्ही माझ्यासाठी जागा ठेवलीत, म्हणून तुमच्या कानावर घालायला मीच आले."

विलासरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आधी सांगता येत नव्हतं?"

"आजच कळलं, काका. कळल्यावर पहिली इथेच आले."

ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "द्राक्षाच्या गाड्या माझ्याही जातात म्हटलं. त्या फाटकात तासन् तास उभ्या ठेवता तुम्ही लोक."

"कुठल्या गाड्या? कोणत्या दिवशी?" केतकीने विचारलं आणि शेजारची ती नवी खुर्ची ओढून घेऊन त्यांच्यासमोर बसली. मी तासभर बाहेर.

घरी येऊन मी हैदराबादला फोन लावला. वहिनींनी, म्हणजे मामांच्या सुनेने, उचलला. "मामा आहेत का?" मी विचारलं.

"कुठले असायला!" वहिनी वैतागल्या होत्या. "अहो भाऊजी, अजून त्यांचं सामान पण सुटलं नाही. खालच्या मजल्यावरची मुलगी आहे एक, नोकरी शोधतेय, तिला घेऊन सकाळपासून गेलेत कुठेतरी. ह्यांना तेलुगू येत नाही, तिला मराठी येत नाही. काय बोलतात देव जाणे. काही निरोप देऊ का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात केतकीने माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू, त्यांना काही सांगू नका. मी येते सांगायला."

"अगं, एवढ्या लांब? फोनवर सांग ना," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे चष्मा लावला आणि मनमाडहून सुटणाऱ्या गाड्या बघायला बसलो.